न मागितलेली दुरुस्ती

जुन्या कचेऱ्यांतून दस्तऐवजांच्या नकला करून देणारा जो कारकून असे, त्याच्या कामाचे सारे मर्म ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ या छोट्याशा शेऱ्यात साठवलेले असे. मूळ कागदात कुणा कुळकर्ण्याने गावाचे नाव चुकीचे लिहिले असेल, ऱ्हस्वाचे दीर्घ झाले असेल, किंवा एखादी रक्कम अंकी एक आणि अक्षरी दुसरीच पडली असेल, तर ती विसंगती जशीच्या तशी उतरवून घेणे आणि फार तर समासात त्याविषयी निराळा शेरा मारणे, एवढाच त्याचा अधिकार होता. शहाणपणाच्या भरात त्याने मजकूर सुधारला, तर हेतू कितीही शुद्ध असला तरी त्या कागदाला नकलेची किंमत उरत नसे. रेमिंग्टन कंपनीने १८७४ साली टंकलेखन यंत्र बाजारात आणले, तेव्हा कारकुनाचा हा धर्म त्या लोखंडी यंत्राकडे आपोआप चालत आला. मिल्वॉकी शहराच्या ख्रिस्तोफर शोल्सने रचलेल्या त्या पहिल्या यंत्रावर लहान अक्षरेच नव्हती. १८७८ च्या दुसऱ्या नमुन्यात शिफ्टची कळ आली आणि लहान-मोठ्या अक्षरांचा भेद शक्य झाला. कळांची काटकसर करण्यासाठी उघडणारे आणि मिटणारे अशी दोन अवतरणचिन्हे न ठेवता एकाच सरळ उभ्या चिन्हावर दोघांचे काम भागवण्यात आले, आणि छापखान्यातल्या खिळेजुळाऱ्यांना जे वळणदार सौंदर्य सहज साधे ते कचेरीच्या कागदाला पारखे झाले. यंत्र दरिद्री होते खरे. पण जी कळ दाबावी तेच अक्षर कागदावर उमटे, आणि चूक झाली तर ती दाबणाऱ्याचीच असे, यात कुणाला संशय घ्यायला जागा नव्हती.

संगणकाच्या पडद्यावर मजकूर लिहिण्याची कला आली ती या निःसंशयतेचा शेवट घेऊनच. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीची जी प्रख्यात संशोधनशाळा होती, तेथे १९७४ च्या सुमारास बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोन्यी या दोघांनी ‘ब्राव्हो’ नावाची लेखनप्रणाली सिद्ध केली. कागदावर जसे छापले जाईल तसेच पडद्यावर दिसावे, ही कल्पना प्रत्यक्षात आणणारी ती पहिल्या काही प्रणालींपैकी एक. परंतु तिच्यात एक गोम होती. कळ दाबली असता ती अक्षर म्हणून घ्यावी की हुकूम म्हणून, हे त्या क्षणी यंत्र कोणत्या अवस्थेत आहे यावर ठरे, आणि लिहिणाऱ्याला त्या अवस्थेचे भान राहतेच असे नाही. इंग्रजीत ‘एडिट’ हा चार अक्षरांचा शब्द लिहावा म्हणून कुणी अनवधानाने हुकमाच्या अवस्थेत कळा दाबल्या, तर ‘ई’ने सबंध दस्तऐवज निवडला जाई, ‘डी’ने तो पुसला जाई, ‘आय’ने नवा मजकूर घालण्याची तयारी होई आणि उरलेला ‘टी’ त्या मोकळ्या झालेल्या पानावर एकटाच उमटे. संगणकाच्या इतिहासकारांनी हा किस्सा पुष्कळदा सांगितला आहे आणि तो विनोदासाठीच सांगितला जातो. पण त्यातली खरी गोष्ट अशी की, मनुष्याने जे मजकूर म्हणून दिले ते यंत्राने निराळ्याच अर्थाने घेतले, आणि पुढच्या अर्धशतकात ज्या तक्रारी झाल्या त्यांपैकी बहुतेकींचे बीज इथेच पडलेले दिसते.

मूळचा हंगेरीचा असलेला सिमोन्यी १९८१ साली मायक्रोसॉफ्ट या त्या वेळी लहानच असलेल्या कंपनीत दाखल झाला आणि १९८३ साली तेथून ‘वर्ड’ ही प्रणाली बाहेर पडली. आरंभीचे वर्ड हे आज्ञाधारक होते. त्यात ‘ग्लॉसरी’ नावाची एक सोय असे: वारंवार लागणारा लांबलचक मजकूर एखाद्या संक्षेपाच्या नावे साठवून ठेवावा, संक्षेप लिहून एक ठराविक कळ दाबावी, की पूर्ण मजकूर जागेवर येई. जुन्या दप्तरातला चिटणीस पत्राचा मायना नुसत्या खुणेवरून ओळखून पूर्ण लिहून काढी, तशातलाच हा प्रकार होता. फरक इतकाच की खूण केल्यावाचून काही घडत नसे.

ती खूण काढून टाकण्याचे काम १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत डीन हॅचामोविच या तरुण अभियंत्याने केले. इंग्रजी लिहिताना ‘द’ या अतिपरिचित उपपदाची शेवटची दोन अक्षरे घाईत उलटी पडतात, ही टंकलेखकांची जुनी खोड. ग्लॉसरीच्या सोयीत तो चुकीचा शब्द आणि त्याचे शुद्ध रूप नोंदवून ठेवले तर कळ दाबताच दुरुस्ती होते, हे त्याच्या ध्यानात आले, आणि तिथून एक पाऊल पुढे टाकून त्याने विचार केला की प्रत्येक शब्दानंतर मनुष्य स्पेसबार दाबतोच, मग तीच कळ दुरुस्तीची खूण का मानू नये. कल्पना विलक्षण साधी होती आणि तिच्यातली कुशलता नाकारता येत नाही. मनुष्याला काही शिकावे लागत नव्हते, काही लक्षात ठेवावे लागत नव्हते. शब्द संपला की चूक संपली. १९९३ च्या वर्ड ६ या आवृत्तीत ‘ऑटोकरेक्ट’ या नावाने ही सोय घरोघर पोहोचली आणि आज जगातील बहुतेक सगळे कळफलक, हातातल्या फोनांसकट, तिचेच वारसदार आहेत. मात्र याच क्षणी एक मोठी सत्ता हस्तांतरित झाली याची जाणीव त्या काळी फारशी कुणाला झालेली दिसत नाही. पूर्वी दुरुस्तीसाठी हुकूम लागत असे. आता दुरुस्ती नको असेल तर हुकूम लागू लागला.

त्यानंतरच्या आवृत्त्यांत हा उत्साह वाढतच गेला. १९९५ साली अशुद्ध वाटणाऱ्या शब्दांखाली तांबडी नागमोडी रेघ आली, १९९७ मध्ये व्याकरणासाठी हिरवी आली. वाक्याचे पहिले अक्षर आपोआप मोठे होऊ लागले. एक आकडा आणि टिंब देऊन ओळ लिहिली की यंत्र तिला यादीचे पहिले कलम समजून पुढच्या ओळीला दोनचा आकडा स्वतःच देऊ लागले. दोन जोडरेघांची एक लांब रेघ, एक भागिले दोनचा एकजीव अपूर्णांक आणि टंकलेखन यंत्राने सरळ केलेल्या अवतरणचिन्हांची पुन्हा वळणदार चिन्हे होऊ लागली. यांतल्या पुष्कळशा गोष्टी छापखान्याच्या जुन्या संस्काराला धरून होत्या, आणि कचेरीतले कागद त्यामुळे देखणे झाले हे मान्य करायला हवे. परंतु इंग्रजी कायद्याचा मसुदा लिहिणाऱ्या वकिलाने पोटकलम दाखवण्यासाठी कंसात ‘सी’ हे अक्षर लिहावे आणि यंत्राने त्याचे वर्तुळातले ‘सी’, म्हणजे स्वामित्वहक्काचे चिन्ह करावे, हा प्रकार इतक्या मसुद्यांत घडला की वकिलांच्या कचेऱ्यांत नवा संगणक आल्यावर पहिले काम ती एक नोंद काढून टाकण्याचे असे. संगणकाचे आज्ञावलीकार तर वळणदार अवतरणांच्या नावाने आजही बोटे मोडतात. त्यांच्या भाषांना सरळ चिन्हच कळते, आणि वर्डमधून उचलून चिकटवलेली आज्ञावली नुसत्या त्या वळणापायी बंद पडते.

युरोपीय संघाच्या अनुवादकांत याच सुमारास एक गंमत रूढ झाली. शुद्धलेखन तपासणाऱ्या काही जुन्या कोशांत सहकार्य या अर्थाचा इंग्रजी शब्द मधल्या जोडरेघेसह तेवढा नोंदवलेला होता. जोडरेघ न देता तो लिहिला की यंत्र त्याच्या जागी क्युपर्टिनो हे कॅलिफोर्नियातल्या गावाचे नाव सुचवी आणि घाईतला लेखक ते स्वीकारून मोकळा होई. आंतरराष्ट्रीय संस्थांच्या गंभीर अहवालांतून दोन राष्ट्रांमधील क्युपर्टिनोविषयी समाधान व्यक्त झालेले सापडू लागले, आणि अशा दोषाला भाषाभ्यासकांनी पुढे ‘क्युपर्टिनो परिणाम’ असेच नाव देऊन टाकले.

मराठी लिहिणाऱ्यांच्या वाट्याला या उत्साहाचा आणखीच चमत्कारिक प्रसाद आला. युनिकोड सर्वत्र रुजण्यापूर्वी आपल्याकडील टंकलेखन संस्था, छपाईची अक्षरजुळणी करणारे डीटीपीवाले आणि सरकारी कचेऱ्या ज्या फॉन्टांवर अवलंबून होत्या, त्यांत संगणकाच्या दृष्टीने अक्षरे रोमनच असत. देवनागरी हा केवळ त्यांवर चढवलेला पोशाख होता. कृतिदेवसारख्या फॉन्टात रेमिंग्टनच्या जुन्या मराठी-हिंदी यंत्राची मांडणी जशीच्या तशी आणलेली असल्याने लहान ‘डी’ म्हणजे पूर्ण क आणि शिफ्ट धरून मोठा ‘डी’ म्हणजे अर्धा क्, असा हिशेब होता. आता वर्डला देवनागरीचा गंधही नव्हता. त्याला एवढेच दिसे की परिच्छेदाच्या आरंभीचे वाक्य लहान अक्षराने सुरू झाले आहे, आणि इंग्रजी व्याकरणाला स्मरून ते लहान ‘डी’ मोठे करी. परिणामी ‘कागदपत्रे सादर करावीत’ असे सरळ वाक्य लिहिणाऱ्याच्या डोळ्यांदेखत पहिल्या क चा पाय मोडे आणि त्याच्यापुढे काना लोंबकळत राही. इंग्रजी वाक्यात अक्षर मोठे झाल्याने शब्द बदलत नाही. इथे मात्र प्रत्येक परिच्छेदाच्या तोंडी एक नवा व्यंग शब्द जन्माला येई. म्हणून मराठीची जुळणी करणाऱ्यांत ऑटोकरेक्टच्या खिडकीत जाऊन सगळ्या खुणा काढून टाकणे हा कामाचा श्रीगणेशा समजला जाई, आणि मला वाटते, ही सोय मुळात कुणासाठी होती हे ज्यांना ठाऊकही नव्हते अशा लोकांनी ती इतक्या निष्ठेने बंद केल्याचे दुसरे उदाहरण विरळा.

बंद करण्याची ही कळ होती कुठे, याचाही एक स्वतंत्र इतिहास आहे. आरंभी ती ‘टूल्स’ या यादीत उघड्यावर होती. २००७ साली सगळ्या यादीची पुनर्रचना झाली तेव्हा ती ‘पर्याय’, त्याच्या आत ‘प्रूफिंग’, आणि त्याच्याही आत आणखी एका खिडकीत जाऊन बसली, आणि तिथेही जवळपास एकाच नावाच्या आणि सारख्याच दिसणाऱ्या दोन पानांवर तिचे तुकडे विखुरलेले राहिले, ज्यांपैकी एकावरची खूण काढली तरी दुसऱ्यावरची राहून जाते असा अनुभव पुष्कळांना येतो. त्याहून सुटसुटीत उपाय असा की यंत्राने काही परस्पर बदलले की तत्क्षणी कंट्रोल आणि झेड या दोन कळा दाबाव्यात. तेवढी दुरुस्तीच रद्द होते आणि आपण लिहिलेले अक्षर परत येते. या दोन कळांची माहिती असती तर निम्म्या तक्रारी झाल्याच नसत्या. २००१ च्या ऑफिस एक्सपीमध्ये बदल झालेल्या जागेशीच एक विजेच्या चिन्हाची छोटी कळ दिसू लागली, आणि ‘हे उलटवा’ व ‘असे पुन्हा कधी करू नका’ हे दोन्ही पर्याय घटनास्थळीच मिळू लागले. मायक्रोसॉफ्टने या संबंध प्रकरणात केलेली ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट होय, असे माझे मत आहे.

वर्डचा प्रतिस्पर्धी जो वर्डपरफेक्ट, त्याने याच प्रश्नाला दुसऱ्याच बाजूने हात घातला होता. युटा राज्यातल्या अॅलन अॅश्टन आणि ब्रूस बॅस्टियन यांच्या त्या प्रणालीत ‘रिव्हील कोड्स’ अशी कळ असे. ती दाबली की पडद्याच्या खालच्या भागात मजकुरातली प्रत्येक गुप्त खूण उघडी पडे: ठळक अक्षर इथे सुरू झाले, इथे संपले, समास इथे बदलला. अमेरिकेतले वकील या एका सोयीपायी वर्डपरफेक्टला कित्येक वर्षे चिकटून राहिले. यंत्राने काय केले ते दिसत असले की ते मोडण्याची वाटही सापडते. आणि काहींनी तर या साऱ्या जगाकडेच पाठ फिरवली. जाडजूड अद्भुत कादंबऱ्या लिहिणारे जॉर्ज मार्टिन हे वर्डस्टार ४ ही जुनाट प्रणाली डॉसवर चालवून लिहितात, आणि आपल्याला मोठे अक्षर हवे असते तर आपण शिफ्टची कळ दाबली असती, अशा अर्थाचे स्पष्टीकरण त्यांनी २०१४ साली दूरचित्रवाणीच्या मुलाखतीत दिले होते.

१९९७ च्या ऑफिसमधल्या त्या डोळे मिचकावणाऱ्या कागदाच्या टाचणीविषयी फार लिहायला नको. तिच्यामागे मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील एरिक हॉर्विट्झ यांचे संभाव्यतेच्या गणितावरचे गंभीर काम होते, प्रत्यक्ष बाजारात आले ते त्याचे पातळ केलेले रूप. पत्राचा मायना लिहिताच मदतीला धावणारी ती टाचणी २००१ मध्ये मुळातच बंद ठेवून देण्यात आली आणि २००७ मध्ये बरखास्त झाली. जाताना कंपनीने स्वतःच जाहिरातींतून तिची थट्टा केली. लोकांनी तिचा एवढा राग केला याचे कारण ती दिसत होती. तिच्याहून कितीतरी अधिक नुकसान करणारी दुरुस्ती त्याच ऑफिसच्या दुसऱ्या खोलीत, म्हणजे एक्सेलमध्ये, चालू होती, आणि तिच्याकडे कुणाचे लक्ष नव्हते.

आकड्यांच्या कोष्टकांची पहिली लोकप्रिय प्रणाली म्हणजे डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ मध्ये आणलेली व्हिसिकॅल्क. तिचा नियम कडक पण प्रामाणिक होता: चौकटीत पहिले चिन्ह अंक असेल तर तो आकडा, अक्षर असेल तर ते नाव, अंकाने सुरू होणारे नाव लिहायचे असेल तर आधी अवतरणचिन्ह द्यावे. १९८३ मध्ये मिच केपॉर यांच्या लोटस १-२-३ ने याच कामासाठी तीन चिन्हे ठरवली, डावीकडे, उजवीकडे आणि मध्यभागी मजकूर बसवण्याची, आणि त्यांतले डावीकडचे एकेरी अवतरण एक्सेलने पुढे उचलले. आज कोणत्याही कचेरीतला जाणता मनुष्य आकड्याच्या आधी जे एकेरी अवतरणचिन्ह देतो, ‘हे जसे आहे तसेच राहू दे’ असे यंत्राला बजावतो, ते त्या लोटसचे अवशेष आहे. बंद करण्याच्या सर्व उपायांत सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त उपाय तोच.

लोटसकडून एक्सेलने आणखीही एक वारसा घेतला. तारखा आतून नुसते क्रमांक म्हणून साठवायच्या, १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस, असा हिशेब लोटसने धरला होता, आणि तो धरताना १९०० हे लीप वर्ष मानले गेले, जे ते नव्हते. लोटसच्या फायली एक्सेलमध्ये नीट उघडाव्यात म्हणून एक्सेलने ही चूक जाणूनबुजून तशीच ठेवली. त्यामुळे आजही एक्सेलच्या पंचांगात साठाव्या क्रमांकाला २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवस आहे. दुसऱ्याच्या चुकीची नक्कल इतकी अस्सलबरहुकूम करणारी ही प्रणाली वापरणाऱ्याच्या मजकुराशी मात्र तितक्या आदराने वागली नाही.

आपल्याकडच्या महसुली कागदांचे उदाहरण घ्यावे. जमिनीचा जो उतारा गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून होतो आणि ज्याला सारा महाराष्ट्र सातबारा म्हणतो, त्याचे नाव एक्सेलच्या कोऱ्या चौकटीत ७/१२ असे लिहून एंटर दाबले, की दिवस आधी लिहिण्याच्या भारतीय मांडणीवर चालणारा संगणक त्याची ७ डिसेंबर ही तारीख करतो. अमेरिकी मांडणीवर चालणारा १२ जुलै करतो. वर्ष लिहिलेले नसल्याने ती तारीख चालू वर्षाची समजली जाते. म्हणजे २०२३ साली भारतीय मांडणीवर ही नोंद केली असेल तर त्या चौकटीत आतून साठवला गेला तो ४५२६७ हा आकडा. आता चूक ध्यानात येऊन एखाद्याने ती चौकट ‘मजकूर’ या प्रकारची केली, तर ७/१२ परत येत नाही. त्या जागी ४५२६७ उघडा पडतो आणि पाहणारा चक्रावून जातो. गट क्रमांकाच्या पुढे हिस्सा लिहिण्याची जी आपली रीत, तिच्यातले ५/२ आणि १२/३ याच वाटेने पंचांगात जातात. पुण्याचा ०२० आणि मुंबईचा ०२२ हे दूरध्वनीचे संकेतांक आरंभीचे शून्य गमावून वीस आणि बावीस होतात. बारा अंकी आधार क्रमांक सामान्य चौकटीत लिहिला तर तो १.२३४५७ई+११ अशा शास्त्रीय थाटात दिसतो. तो निदान आत शाबूत असतो, परंतु सोळा अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक पुसून त्या जागी शून्य येते, कारण संगणकाच्या दशांश गणिताला पंधराच अंक निश्चितपणे धरता येतात आणि एक्सेल प्रत्येक लांब अंकमालिकेला गणितासाठी दिलेली रक्कम समजते. खाते क्रमांकाची बेरीज कुणालाच करायची नसते.

वर्डच्या आणि एक्सेलच्या आगाऊपणात जो भेद आहे तो इथे नीट पाहावा. वर्डमध्ये क चा पाय मोडला तर लिहिणाऱ्याला तो दिसतो, राग येतो, आणि त्या रागातूनच तो कळ शोधतो. एक्सेलमध्ये हजारो ओळींची फाईल एका दमात उघडली जाते, त्यातल्या पंधरा-वीस चौकटींत बदल होतो, फाईल जतन केली जाते, आणि मूळ अक्षरांची आठवण यंत्रालाही उरत नाही. बंद करण्याची सोय असणे आणि ती वापरावी असे सुचणे, यांच्यामध्ये काहीतरी घडले आहे हे कळण्याची पायरी असते; ती पायरीच इथे नव्हती.

ही गोष्ट जगापुढे आणली ती जीवशास्त्रज्ञांनी. पेशी दुभंगताना मध्ये जो पडदा घडतो त्याच्याशी संबंधित प्रथिनांचा एक वर्ग आहे, त्याला सेप्टिन म्हणतात. त्यांच्या जनुकांना सेप्ट१, सेप्ट२ अशी नावे देण्यात आली होती. दुसऱ्या एका वर्गाच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळून मार्च१, मार्च२ अशी नावे झाली. डीईसी१ असे आणखी एक जनुक होते. प्रयोगशाळेतून आलेली जनुकांची यादी एक्सेलमध्ये उघडली की सेप्ट२ ची २ सप्टेंबर होई, मार्च१ ची १ मार्च आणि डीईसी१ ची १ डिसेंबर. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील बॅरी झीबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली याविषयी निबंध प्रसिद्ध करून तीसएक जनुकनावे अशी तारखांत बदलतात असे दाखवले. जपानच्या रिकेन संस्थेने दिलेले जे ओळखक्रमांक होते, त्यांतल्या काहींच्या मध्ये ‘ई’ हे अक्षर अंकांनी वेढलेले असल्याने ते घातांकी संख्या समजून बदलले जात, आणि ते धरले तर बाधित नावांची संख्या किमान दोन हजारांवर जात होती. हा बदल उलटवता येत नाही, हेही त्यांनी स्पष्ट बजावले.

इशारा मिळाल्यावर शास्त्रज्ञ सावध झाले असतील अशी अपेक्षा करणे स्वाभाविक होते. बारा वर्षांनी, २०१६ मध्ये, मेलबर्नच्या मार्क झीमन, योतम एरेन आणि असाम एल-ओस्ता या तिघांनी अठरा नियतकालिकांतील २००५ ते २०१५ या काळातल्या निबंधांना जोडलेल्या ३५,१७५ एक्सेल फायली तपासल्या. जनुकांच्या याद्या जोडलेले ३,५९७ निबंध सापडले, आणि त्यांपैकी ७०४ निबंधांत, म्हणजे जवळजवळ दर पाचांतल्या एकात, जनुकांच्या जागी तारखा बसलेल्या होत्या. हे निबंध तज्ज्ञांनी तपासून, संपादकांनी स्वीकारून छापलेले होते. पुढे २०२१ मध्ये याच मंडळींच्या परंपरेतल्या दुसऱ्या पाहणीत हे प्रमाण ३०.९ टक्क्यांवर गेलेले आढळले. याद्यांची लांबी वाढत गेली आणि त्यांवरून नजर फिरवणारा मनुष्य होता तसाच राहिला.

उपाय उपलब्ध नव्हता असे नाही. फाईल आयात करतानाच त्या स्तंभाला ‘मजकूर’ हा प्रकार द्यावा, की एक्सेल त्याला हात लावत नसे; परंतु हे प्रत्येक फाईलच्या वेळी, प्रत्येक मनुष्याने, प्रत्येक देशात न विसरता करायचे होते, आणि कायमची एक खूण काढून हा प्रकार एकदाच थांबवण्याची सोय प्रणालीत नव्हती. शेवटी माघार घेतली ती माणसांनी. मानवी जनुकांची अधिकृत नावे ठरवणारी जी समिती त्या वेळी केंब्रिजजवळ हिंक्स्टन येथून काम पाहत असे, तिने एल्सपेथ ब्रुफर्ड यांच्या नेतृत्वाखाली २०२० च्या ऑगस्टमध्ये नवे नामकरणाचे नियम जाहीर केले, आणि आदल्या वर्षभरात २७ जनुकांची नावे बदलली गेल्याचे सांगण्यात आले: सेप्ट१ चे सेप्टिन१ झाले, मार्च१ चे मार्चएफ१, डीईसी१ चे डेलेक१. नव्या नावांनी गणकयंत्राच्या कामात अडथळा येऊ नये, ही अट आता नियमातच लिहिली गेली. निसर्गातल्या वस्तूला नाव देताना तिचे कार्य, तिचा शोध, तिची जागा पाहावी, ही शास्त्राची जुनी चाल. हिशेबाच्या एका प्रणालीला ते नाव महिन्यासारखे वाटेल काय, हा निकष तिच्यात प्रथमच दाखल झाला. यात समितीला दोष देता येणार नाही. जगभरच्या संशोधकांना रोज आठवण देत बसण्यापेक्षा सत्तावीस नावे बदलणे खरोखरच सोपे होते, आणि सोपे होते म्हणूनच ते अधिक खटकते.

त्यानंतर तीन वर्षांनी, २०२३ च्या ऑक्टोबरात, मायक्रोसॉफ्टने विंडोज आणि मॅकवरील एक्सेलमध्ये ती कळ बसवली. विंडोजवर पर्यायांच्या खिडकीत ‘डेटा’ या पानावर स्वयंचलित रूपांतराचा एक भाग आला, त्यात चार खुणा: आरंभीची शून्ये काढून टाकणे, लांब आकड्याचे पंधराच अंक ठेवून घातांकी रूप देणे, ‘ई’ भोवतीच्या अंकांना घातांक समजणे, आणि अक्षरे-अंक लागून आले तर त्यांची तारीख करणे. यांतली हवी ती खूण काढता येते, आणि सीएसव्ही फाईल उघडताना काही रूपांतर होणार असेल तर आधी विचारण्याचीही सोय झाली. मात्र चारही खुणा मुळात चालूच ठेवलेल्या आहेत, आणि शेवटची खूण काढली तरी सेप्ट२ तेवढे वाचते, ७/१२ नाही, कारण तिरकी रेघ असलेला आकडा यंत्राच्या मते अजूनही उघड उघड तारीखच आहे. त्यासाठी आपल्या तलाठी कचेरीला लोटसचे ते एकेरी चिन्हच हाताशी धरावे लागते.

कळ आली तेव्हा जुनी नावे परत घ्यावीत असे समितीला वाटले नाही, आणि ते योग्यच झाले. तीन वर्षांत सेप्टिन२ हे नाव कोशांत, निबंधांत आणि विद्यार्थ्यांच्या तोंडी बसले होते. २००५ ते २०१५ च्या त्या ७०४ निबंधांच्या याद्यांत मात्र बदलणारे कुणी नसल्याने २ सप्टेंबर आणि १ मार्च हे ‘जनुक’ अजून छापलेले आहेत, आणि त्या याद्या नव्या संशोधनासाठी उतरवून घेणाऱ्याला प्रत्येक तारखेच्या मागे कोणते नाव होते ते अंदाजाने शोधत बसावे लागते. त्यातही १ मार्चच्या बाबतीत अडचण दुहेरी आहे, कारण त्या एकाच तारखेत बदलू शकणारी दोन भिन्न जनुकनावे पूर्वी प्रचारात होती.